पद्माक्का आणि करपलेले फोटो

पद्माक्का कुणाला मारायच्या तेव्हा आधी चष्मा काढायच्या. घाई नाही, आरडाओरडा नाही. चष्म्याची घडी घालायची, जवळ जो उभा असेल त्याच्या हातात द्यायची आणि मग पुढं व्हायचं. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते त्या काळात तो चष्मा माझ्या हातात बऱ्याचदा आला. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा सगळ्यात आधी मला आठवली ती तळहातावरची त्या काचांची ऊब.

बँकेच्या बदलीवर मी कोल्हापुरात आले, तेव्हा शुक्रवार पेठेतली ही जागा दाखवणाऱ्या एजंटानं जिना चढता चढताच सांगितलं होतं, "मालकीण सोन्यासारखी हाय ताई. पण हात चालतो तिचा." मला वाटलं थट्टा करतोय. मग एका रविवारी दुपारी समोरच्या घरातला माणूस बायकोला केसांना धरून रस्त्यावर ओढत घेऊन आला. लोक आपापल्या दारात उभे राहून बघत होते. अक्का नळावर चादरी धूत होत्या. त्यांनी माझ्या हातात चष्मा दिला आणि कपडे बडवायचं धोपाटणं घेऊन त्या माणसाच्या मागून गेल्या. पहिला फटका गुडघ्याच्या मागं. तो खाली बसला. दुसरा मनगटावर, ज्या मुठीत केस होते त्या. मूठ सुटली. त्यानंतर पाठ, खांदा, तोंड, परत पाठ. चादर बडवताना जी लय असते त्याच लयीत. तो माणूस नाकातनं रक्त गाळत गटारीकडं सरपटत होता. मध्ये कुणी पडलं नाही. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "अक्का, बास करा. मरंल त्यो."

अक्का थांबल्या. "तू म्हटलीस म्हणून बास," म्हणाल्या. "न्हायतर मी थांबलो नसतो."

मग त्यांनी धोपाटण्याला लागलेलं रक्त धुतलं आणि अर्धवट राहिलेली चादर पिळायला घेतली.

अक्का मूळच्या कुरुंदवाडच्या, जैनांच्या. आमच्या गल्लीतल्या बायका बोलतात तशाच, 'मी आलो, मी केलो' असं बोलायच्या. दिवस बुडायच्या आत जेवण, पाणी गाळून, घरात कांदा-बटाटा नाही. ओट्यावर मुंग्या आल्या तर त्यांना जुन्या पोस्टकार्डावर घेऊन बाहेर तुळशीत नेऊन सोडायच्या. त्या रविवारी संध्याकाळी मी जरा भीत भीतच विचारलं, "अक्का, तुमच्यात मुंगीसुद्धा मारत नाहीत ना?"

"न्हाय मारत," अक्का म्हणाल्या. "मुंगी काय बायकोचं केस धरून वडत न्हाय."

त्यांच्या उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नसत. बोटांवरची कातडी मेण वितळून थिजावं तशी होती, गुळगुळीत, गुलाबी, वर एक रेघ नाही. आधार कार्डाच्या वेळी त्या बोटांचे ठसे उमटलेच नाहीत, हे त्या हसत सांगायच्या. भाकरी थापायच्या ती डाव्या हातानं. बैठकीत त्यांच्या मालकांचा, आप्पांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. आप्पांची गुळाची अडत होती आणि गल्लीत अजून कुणीही त्यांचं नाव निघालं की 'देवमाणूस' म्हणायचं. अक्का त्या फोटोची धूळ रोज पुसायच्या. उदबत्ती मात्र कधी लावलेली मी बघितली नाही.

एक दिवस अक्का वर आल्या. "ते फोटो चढवायचं मशीन असतंय की, कॉम्प्युटरवर. तुझ्या बँकेत हाय काय?"

"स्कॅनर? आहे की. द्या फोटो, मी करून आणते."

"आधी बघ तरी."

त्यांनी मला खाली नेलं आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत जुन्या मलमली लुगड्याचे तुकडे होते आणि प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये एक फोटो. सगळे जळालेले. कुणाचा कोपरा गेलेला, कुणाचा अर्धा भाग. कडा करपून पापडासारख्या वर वळलेल्या. अक्कांनी एक उचलला तशी काळी पूड मलमलीवर पडली.

"दर खेपंला उघडलं की एवढं कमी होतंय," त्या म्हणाल्या. "कुरुंदवाडात भावाच्या घरात हुतं तेवढं सगळं महापुरात गेलं. भिंतीवरचं, कपाटातलं, सगळं. आता हे हाय तेवढंच."

हातातला फोटो त्यांनी माझ्यासमोर धरला. नदीच्या घाटाच्या पायरीवर दोन मुली उभ्या. मोठी म्हणजे अक्का, साडीतल्या. धाकटी परकरात, रिबिनीची वेणी पुढं घेतलेली, अक्कांच्या पदराचं टोक मुठीत पकडलेलं. धाकटीचा अर्धा चेहरा होता. डाव्या भुवईपासून हनुवटीपर्यंतचा भाग जळून गेला होता.

"ही विमल. माझी बहीण. लग्न ठरत ठरत ऱ्हायलं आन काविळीनं गेली. तिचा दुसरा फोटो कुणाकडं न्हाय."

"हे जळलं कसं?"

"जळलं," अक्का म्हणाल्या आणि पेटी बंद केली.

बँकेतला स्कॅनर चेक आणि अर्ज आत ओढून घेतो. त्यात हे फोटो घातले असते तर चुराच बाहेर आला असता. म्हणून आम्ही स्कॅनर विकत घ्यायला निघालो. मी स्कूटी चालवत आणि मागं अक्का, मांडीवर स्टीलचा जेवणाचा डबा आणि डब्यात मलमलीत गुंडाळलेली विमल. मी म्हटलं, एखादा कमी महत्त्वाचा फोटो घेऊ. तर म्हणाल्या, "हिचं नीट आलं तर बाकीच्यांचं येणारच. हिलाच घेऊया."

राजारामपुरीतल्या पहिल्या दुकानात विक्रेत्यानं कागद ओढून घेणारा स्कॅनर दाखवला. गठ्ठा ठेवा, बटण दाबा, काम झालं. अक्कांनी विचारलं, "आत फाटलं तर?" तो म्हणाला, "फाटत नाही काकू, द्या इकडं," आणि त्यानं डब्यात हात घातला. अक्कांनी ते मनगट धरलं आणि पिळलं. सावकाश, धुणं पिळतात तसं. तो गडी काउंटरवर आडवा झाला, तोंडातून आवाज फुटेना. "इचारल्याबिगर हात घालायचा न्हाय," अक्का त्याच्या कानाशी म्हणाल्या आणि सोडलं. त्या दुकानात मी परत कधी गेले नाही.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात जरा बरं माणूस भेटलं. त्यानं प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन सगळं एकात असलेलं मशीन दाखवलं. काच सपाट होती. अक्कांनी स्वतः विमलला काचेवर ठेवलं. पण फोटो वर वळलेला, त्यामुळं झाकण नीट बसेना. मी 'दाबू नका' म्हणेपर्यंत विक्रेत्यानं तळवा ठेवून झाकण दाबलं. पापड मोडावा तसा आवाज आला.

अक्कांनी चष्मा काढून माझ्याकडं दिला.

एकच बसली, पण त्याचा ओठ दातावर फाटला आणि पांढऱ्या शर्टावर रक्ताचे थेंब पडले. मागून मालक धावत आला. "ओ बाई, पोलिसाला बोलवू काय?"

"बोलव की. त्यो येईपातूर आणि एक देतो ह्याला."

मी झाकण उघडून दाखवलं. विमलच्या कपाळाच्या वरची नखाएवढी कड तुटून पडली होती. मालकानं ती बघितली, मग अक्कांच्या हाताकडं बघितलं, मग स्क्रीनवरच्या चित्राकडं. काचेला टेकलेली पायरी स्वच्छ आली होती. वर वळलेला भाग, म्हणजे विमलचा उरलेला चेहरा, नुसता काळा डाग.

"तोंड धुऊन ये जा," मालक त्या विक्रेत्याला म्हणाला. मग अक्कांना म्हणाला, "मावशी, ह्या नव्या पातळ मशिनींना काचेला चिकटलेलं तेवढंच दिसतं. तुम्हाला जुन्या पद्धतीचं जाड मशीन पाहिजे. त्याला काचेच्या जरा वरचंही दिसतं. माझ्याकडं एक पडून आहे माळ्यावर, गिऱ्हाईक नाही म्हणून."

ते धूड खाली आलं. मालकानं त्याचं झाकणच काढून टाकलं, फोटो काचेवर अलगद ठेवला आणि वरून काळं कापड पसरलं. कशानंही दाबलं नाही. दिवा हळूहळू सरकत गेला. स्क्रीनवर आधी घाट आला, मग परकराची किनार, मग विमलच्या वेणीतली रिबीन, तिच्यातला धागा न् धागा. मग तो एक डोळा. अक्का स्क्रीनपाशी गेल्या. ते मशीन आम्ही लगेच विकत घेतलं.

निघताना त्या ओठ धरून बसलेल्या विक्रेत्यापाशी थांबल्या. "लागलं काय रं लई?" त्यानं मान हलवली. "तिला पण लागलं," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन खाली जायची. अक्का फोटो काचेवर ठेवायच्या, कापड पसरायच्या, मी बटण दाबायची. दिवा सरकत असताना, माझ्याकडं न बघता, फोटो कसे जळले ते त्यांनी मला सांगितलं.

"आप्पा पयल्यांदा हातानंच मारायचा. मग शेजाऱ्यांना वळ दिसायला लागलं. तवा हात आवरला आन माझ्या माहेरचा अल्बम काढला. सकाळी न्हाणीत बंब पेटला की म्होरं पाट टाकून बसायचा. मला हाक मारायचा. एक फोटो काढायचा, माझ्यासमोर धरायचा, इचारायचा, ही कोण? मी नाव सांगितल्याबिगर आत टाकायचा न्हाय. माझी आई, अव्वा म्हटलो की अव्वा आत. मग त्याच पाण्यानं आंघोळ करून, गंध लावून अडतीवर जायचा."

"रोज?"

"राग ईल तवा. आमटीत मीठ जास्ती झालं, माहेरचं कोण आलं, काय पण."

"आणि तुम्ही?"

"मी हात घालायचो आत. जेवढं वडून काढता येईल तेवढं काढायचो." त्यांनी ती गुळगुळीत बोटं काचेवरून हलकेच फिरवली, धूळ पुसल्यासारखी. "विमल जाऊन महिना झाला नव्हता. त्यानं हिचा फोटो काढला. ही कोण, म्हणाला. मी सांगितलो न्हाय. पयल्यांदाच गप बसलो. तर तसाच टाकला. मी हात घालून हिला काढलो, आन डाव्या हातानं बंबातली सळई घेतलो. तापल्याली हुती. पयला घाव कोपराखाली. हाड काडकन वाजलं. दुसरा खांद्यावर, सदरा जळून अंगाला चिकटला त्याच्या. तिसरा डोक्यात घालणार हुतो."

"मग?"

"सुकुमार दारात उभा हुता," अक्का म्हणाल्या.

सुकुमार म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत.

"आप्पा दवाखान्यात सांगितला, न्हाणीत पाय घसरला. तिथनं म्होरं चाळीस वर्षं हात लावला न्हाय मला. मी भाकरी घातलो, त्यो खाल्ला. मेला तवा तोंडात पाणी पण मीच घातलो."

त्यांच्या सांगण्यावरून मी सगळे स्कॅन कुरुंदवाडला त्यांच्या भाचीला पाठवले. सुकुमारलाही पाठवले.

सुकुमार पुढच्याच रविवारी आला. आम्ही दोघी स्कॅनरपाशी होतो. चांगला माणूस, शांत बोलणारा, माझी विचारपूस करणारा. आईसाठी काहीतरी आणलंय म्हणाला आणि त्यानं टॅबलेट उघडून तिच्यासमोर धरला. घाटाच्या पायरीवर दोन मुली. रंगीत. कुठं करपलेलं नाही, कुठं काही कमी नाही. विमलचा पूर्ण चेहरा, दात दाखवून हसणारा.

अक्का टॅबलेटवर वाकल्या. "ही कोण?"

"विमलमावशी."

"न्हवं. ही कोण?"

"आई, जळालेला भाग एआयनं भरून काढलाय. सगळ्या फोटोंचं करून घेतलं मी. आप्पांच्या पुण्यतिथीला घरातल्या सगळ्यांना पाठवणार आहे."

"विमलच्या ह्या गालावर डाग हुता. जन्माचा. त्यापायी ठरल्याली लग्नं मोडली तिची. त्यो डाग कुठं गेला?"

"तो भागच जळालाय ना. त्याला कसं कळणार तिथं काय होतं?"

"म्हाईत न्हाय तर गप बसायचं. दुसऱ्याचं तोंड आणून बसवायचं न्हाय." अक्कांनी टॅबलेट त्याच्याकडं ढकलला. "पूस ते."

"कशाला पुसू? लोकांना ते जळकं दाखवायचं? विचारतील, कशानं जळलं. काय सांगणार आहेस? आप्पांनी जाळलं म्हणून?"

"व्हय."

"आप्पा गेलेत आता आई." त्याचा आवाज चढला. "आणि काय रोज जाळत होते का? एखाद्या वेळी राग आला असेल माणसाला."

अक्कांनी चष्मा काढला. मी हात पुढं केला, पण त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मारायला काही उठल्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, "सुकुमार, अल्बम कोण आणून देत हुतं?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. आप्पा न्हाणीतून हाक मारायचे आणि ट्रंकेतला अल्बम हा नेऊन द्यायचा, हे मला तेव्हा कळलं. आईला ते इतकी वर्षं माहीत होतं, हे त्यालाही बहुधा तेव्हाच कळलं.

"मग काय करायला पायजे हुतं मी?" पुण्याची भाषा त्याच्या तोंडून गळून पडली. "न्हाय म्हटलो असतो तर मलाच घातला असता त्यानं बंबात. तुला म्हाईत हाय. म्हाईत हाय की न्हाय तुला?"

आणि त्यानं स्कॅनर उचलला. वायर ताणून तुटली, माझा लॅपटॉप जमिनीवर आपटला. त्याचे डोळे पत्र्याच्या पेटीवर होते. ते धूड डोक्यावर धरून तो पेटीवर टाकणार, तोच अक्का पेटीवर ओणव्या झाल्या. स्कॅनरचा कोपरा त्यांच्या कपाळावर बसला. काच फुटून त्यांच्या पाठीवर, केसांत, मलमलीत सांडली. भुवईच्या वरून रक्ताची धार लागली आणि डोळा बुजून गेला.

मी ओरडले असेन. सुकुमार स्वतःच्या हातांकडं बघत उभा होता. अक्कांनी आधी चाचपून पेटीचं झाकण लावलं, रक्त आत पडू नये म्हणून. मग म्हणाल्या, "रिक्षा बोलव."

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "काय झालं आजी? पडलात का?"

सुकुमार कोपऱ्यातून म्हणाला, "हो, बाथरूममध्ये पाय..."

"न्हाय," अक्का म्हणाल्या. "लेकानं मारलं. तसंच लिवा."

असं म्हटल्यावर पोलिसाला बोलवावंच लागलं. हवालदार आला तो अवघडून उभा राहिला. "तक्रार द्यायची काय आजी?"

"न्हाय."

"मग मी लिहून घेऊ कशाला?"

"आमच्या घरात आजपातूर जे काय मोडलं, फुटलं, ते सगळं न्हाणीत पाय घसरून," अक्का म्हणाल्या. "एक तरी खरं लिवून ठेवा."

हवालदारानं लिहून घेतलं. सुकुमार भिंतीला टेकून हमसून रडत होता. अक्कांनी त्याला जवळ बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

तो पुण्याला गेला आणि मग पावसाळा संपेपर्यंत त्याचा फोन नाही. अक्कांच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत वण राहिला. पेटी पलंगाखाली गेली. मी नवा स्कॅनर बघू का विचारलं, तर म्हणाल्या, "बघू की," आणि विषय संपवला. समोरच्या घरातल्या माणसानं त्या दिवसांत परत एकदा बायकोवर हात उगारला. अक्का दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यानं हात खाली घेतला.

मग एका शनिवारी सुकुमारची गाडी आली. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो ते एकट्यानंच उचलून दारापर्यंत घेऊन आला. जुना, जाड स्कॅनर, कुठून तरी शोधून काढलेला.

"चालवून बघितला," तो उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला. "वर वळलेलं पण येतंय ह्याच्यात."

अक्का दारातून बाजूला झाल्या. "जेवून आलास काय?" म्हणाल्या.

तेव्हापासून तो शनिवारी येऊ लागला. ते दोघं दार लोटून बसायचे. कधी वरपर्यंत आवाज चढलेले ऐकू यायचे, एकदा काहीतरी फुटलंही. मी खाली जात नव्हते. माझी तिथं आता गरज नव्हती. थोड्याच दिवसांत माझ्या बदलीची ऑर्डर आली, गगनबावड्याच्या शाखेत.

सामानाचा टेम्पो निघाला त्या शनिवारी मी किल्ली द्यायला खाली गेले. दार अर्धं उघडं होतं. सुकुमार कॉम्प्युटरपुढं बसला होता आणि अक्का त्याच्या शेजारी खुर्चीवर. काळ्या कापडाखाली दिवा सरकत होता. स्क्रीनवर घाटाची पायरी आली, परकर आला, विमलचा अर्धा चेहरा आला. करपलेली कड जशीच्या तशी.

"खाली काय लिहायचं?" सुकुमारनं विचारलं.

"पद्मा आणि विमल. कुरुंदवाडचा घाट."

त्यानं टाईप केलं.

"जाळला आप्पानं."

त्याची बोटं जरा थांबली. मग त्यानं तेही लिहिलं.

"अल्बम आणून दिला सुकुमारनं."

त्यानं मान वर न करता लिहिलं. मी उंबऱ्यावर किल्ली हातात धरून उभी होते. आत जावं की जिन्यावरून परत फिरावं, कळेना. अक्का पुढं वाकल्या आणि स्क्रीनवर त्याच्या नावाशेजारी बोट ठेवलं.

"हितं लिही," म्हणाल्या. "वय वर्षं सहा."

सुकुमारनं कीबोर्डवरचे हात काढले आणि तोंडावर घेतले. अक्का थांबल्या. घाई केली नाही. मग बोट तसंच ठेवून परत म्हणाल्या, "लिही की. सहा."